सासूबाईंचा डबा

पत्र : "ताई, मी मूळची साताऱ्याची. नवरा अमेरिकन, घर पेनसिल्व्हेनियात. ८९ वर्षांच्या सासूबाई आठ महिन्यांपासून आमच्याकडे आहेत. १९५६ साली, लग्नानंतर वर्षभरात, त्या लेव्हिटाउन वसाहतीतल्या नव्या घरात राहायला गेल्या आणि चार मुलं तिथंच वाढवली. रोज ऐकते : 'माझ्या घरी साडेपाचला जेवण टेबलावर असायचं, सिंकमध्ये एक कप राहत नसे.' मी दिवसभर नोकरी करून येते. वापरलेली फॉइल त्या धुऊन, घडी घालून ठेवतात. माझ्या सात वर्षांच्या मुलाला पोहायला पाठवायचं म्हटलं की घाबऱ्याघुबऱ्या होतात. 'आमच्या गल्लीत सगळे एकसारखे होते, म्हणून सुख होतं' असं म्हणतात, तेव्हा काळजात टोचतं. नवरा म्हणतो, सोडून दे. गेल्या शनिवारी मी त्यांचा तडा गेलेला टपरवेअरचा डबा टाकला. त्यांनी तो कचऱ्यातून काढला आणि रडल्या. तळाशी चिकटपट्टीवर 'मिसेस' आणि पुढे सासऱ्यांचं नाव होतं. माझं चुकलं का?"

अगं, डबा न विचारता टाकलास, तेवढं चुकलं. बाकी पत्रात तुझी चूक मला कुठं दिसली नाही.

आधी त्या पट्टीबद्दल बोलू, कारण मी तिथंच अडकले. डबा बाईचा, भरायची ती, धुवायची ती, आणि नाव नवऱ्याचं. तेव्हा ती रीतच होती. पत्राच्या पाकिटावर, चर्चच्या यादीत, शेजारणीकडे खाऊ पाठवलेल्या डब्याच्या तळाशी, सगळीकडे मिसेस अमुक. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय उधारीचं खातं सहसा मिळत नसे. ते बेकायदा ठरवणारा कायदा १९७४ साली आला. सासूबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या, चार मुलांच्या आई.

टपरवेअर १९५१ सालापासून दुकानांत मिळतच नव्हतं. एखादीच्या दिवाणखान्यात बायका जमायच्या, झाकण दाबून आतली हवा कशी काढायची ते बघायच्या आणि डबे घ्यायच्या. सकाळी नवरा गाडी घेऊन कामावर गेला की दुसरी गाडी बहुतेक घरांत नसायची. त्या बायकांना ती दुपार म्हणजे माणसांत बसायची संधी होती. काही जणींनी तिथंच विक्री करून स्वतःचे पहिले पैसे कमावले. तुझ्या सासूबाई त्यांतल्या होत्या का? विचार. डबा कुणाच्या घरी घेतला, तेव्हा कडेवर कोण होतं, तेही विचार. मला वाटतं, त्या रडल्या त्या प्लास्टिकसाठी नाही.

फॉइलचं म्हणशील तर त्यांचा जन्मच मंदीतला, आणि सहा वर्षांच्या असताना दुसऱ्या महायुद्धामुळे साखर रेशनवर गेली. मग कॉफी, मांस, लोणी, डब्यातलं अन्न, सगळंच कूपनवर. स्वयंपाकात उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यायची, ती दारूगोळ्याला लागायची. साखरेचं रेशन उठलं ते १९४७ साली. अशा घरात वाढलेलं मूल चकचकीत कागद एकदा वापरून कसा फेकेल? आपल्याकडच्या आज्या दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, आठवतं ना? एक खण त्यांच्या फॉइलला दे आणि विषय संपव.

पोहण्याचा तलाव मात्र खणात मावणारा नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पोलिओची साथ सगळ्यांत भयानक होती, वर्षभरात जवळजवळ ५८ हजार रुग्ण. आया मुलांना तलावावर, सिनेमाला, गर्दीत पाठवायच्या नाहीत. सासूबाई सोळा वर्षांच्या होत्या. लस गुणकारी असल्याचं १२ एप्रिल १९५५ ला जाहीर झालं, जोनास साल्क या संशोधक डॉक्टरांनी ती तुमच्याच राज्यात, पिट्सबर्गमध्ये तयार केली होती. भीती मात्र लसीनं जात नाही. नातवाचं लसीचं कार्ड त्यांना दाखव, एकदा तलावावर बरोबर ने, खुर्चीत सावलीला बसव. मुलाचं पोहणं बंद करू नकोस.

आता 'सगळे एकसारखे'. हे तू गिळून टाकू नयेस असं मला मनापासून वाटतं. पेनसिल्व्हेनियाचं लेव्हिटाउन १९५२ ते १९५८ मध्ये उभं राहिलं, १७ हजारांवर घरं. फ्रीज, शेगडी, कपडे धुण्याचं यंत्र घराबरोबरच यायचं. कुंपण घालायचं नाही, रविवारी कपडे वाळत घालायचे नाहीत, असे नियम होते. आणि बांधणारे कृष्णवर्णीयांना घर विकत नव्हते. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलांना घेऊन एका जुन्या मालकाकडून घेतलेल्या घरात राहायला आलं, तर बाहेर जमाव जमला, दगड आले, काचा फुटल्या. काही शेजारी त्या कुटुंबाच्या पाठीशीही उभे राहिले. तेव्हा सासूबाई त्याच गावात, वीस-एकवीस वर्षांच्या. 'मॉम, त्या ऑगस्टमध्ये तुम्ही कुठं होतात? काय वाटलं?' असं एकदा शांतपणे विचार. चहा देता देता नको, समोर बसून. नंतर सरळ सांग, 'तुमचे नियम तेव्हासारखेच राहिले असते, तर कदाचित मलाही तिथं घर मिळालं नसतं. म्हणून ते वाक्य मला लागतं.' उत्तर मनासारखं येईलच असं नाही. पण तुझ्या घरात तुझ्या रंगाबद्दलचं बोलणं तुझ्यामागे राहू नये.

साडेपाचच्या जेवणाशी बरोबरी करायला जाऊ नकोस. ते जेवण करणारी बाई दिवसभर घरात होती. सगळ्याच तशा होत्या असंही नाही, १९६० पर्यंत अमेरिकेतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक बायका कामावर जात होत्या. सासूबाईंना पाचला भूक लागते ना? सूप आणि पाव हाताशी ठेव, त्या घेतील. तुमचं जेवण सातला. दोन फळ्या त्यांच्या, तिथं तू हात लावायचा नाहीस. बाकी ओटा तुझा.

आणि नवरा. 'सोडून दे' म्हणायला त्याचं काय जातं? आई त्याची आहे. रोज संध्याकाळची भांडी आणि आईला 'ती दमून येते, असं बोलू नकोस' हे सांगणं, ही दोन कामं त्याची. ती तू त्याच्या वतीनं करू नकोस. या रविवारी मुलगा झोपला की नवऱ्यापाशी बस आणि हे पत्र त्याला मराठी येत नसेल तर इंग्रजीत वाचून दाखव.

डबा अजून त्यांच्याजवळ आहे ना? त्यात अन्न ठेवू नका, तड्यात घाण बसते. बटणं, सुया, रिळं ठेवा. पट्टी सुटत आली असेल तर नवी लाव आणि पेन त्यांच्या हातात दे. कुणाचं नाव लिहायचं ते त्यांना ठरवू दे.

— ताई