सेटलमेंट करू की पाटल्या तारण ठेवू?

राजेंद्र नगर, इंदूरच्या एका ताईंचं पत्र आहे. यजमानांची नोकरी गेली, क्रेडिट कार्डावर २,४०,००० थकले, चार महिने काहीच भरलं नाही. आता वकिलाची नोटीस आलीय. बँक म्हणते, १,६०,००० एकरकमी द्या, विषय संपवू. सासरे म्हणतात, पाकीटच घेऊ नका. नवी नोकरी लागलीय, दोन वर्षांत फ्लॅट घ्यायचाय.

ताई, अटकेची भीती आधी मनातून काढा. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. मात्र वसुलीवाल्याने पुढच्या तारखेचे चेक मागितले तर मुळीच देऊ नका. चेक परत गेला की कलम १३८ लागतं, ते फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सकाळी ८च्या आधी किंवा संध्याकाळी ७नंतर वसुलीचे फोन आले तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

सासऱ्यांचं मात्र ऐकू नका. आजची नोटीस वकिलाची आहे, तिला लेखी उत्तर द्या. उद्या कोर्टाचं समन्स आलं आणि दावा समरी, म्हणजे झटपट निकालाचा, असला, तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. पाकीट नाकारलं तर एकतर्फी निकाल लागतो.

आता पैशाचं. यजमान आधी दरमहा १२,००० भरायचे, तरी कर्ज हललं नाही, याचं तुम्हाला नवल वाटतं. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ८,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,५१२. मुद्दलात गेले फक्त २,०८८.

सेटलमेंटमध्ये ८०,००० वाचतात, पण सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि गृहकर्ज तिथेच अडतं. तुम्हाला फ्लॅट घ्यायचाय, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाटल्या तारण ठेवा आणि कार्ड पूर्ण फेडा. सोनेतारण वर्षाला १२ टक्क्यांनी मिळालं तरी पहिल्या महिन्याचं व्याज २,४०० होतं. तेच १२,००० दरमहा भरलेत तर दोन वर्षांच्या आत पाटल्या घरी येतील. मधेमधे मुद्दल भरू देणारंच कर्ज घ्या. लेट फी माफ करा, असं बँकेला आधी लेखी विचारा.

नव्या नोकरीत पगार वेळेवर होईल याची खात्री नसेल, तर मात्र सोन्याला हात लावू नका. मग लोकअदालतीत तडजोड करा; कोर्ट फी लागत नाही आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

पैसे भरल्यावर काही बाकी नाही असं नो ड्यूज पत्र घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलवर ‘क्लोज्ड’ दिसतंय ना, ते बघा.