गेममध्येसुद्धा सासरच?

"मॅडम, यांच्याबरोबर खेळायला एखादा गेम सांगा ना. मला जमेल असा."

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीला पाठ टेकायच्या आत तिनं हे विचारलं. नवऱ्याचा किंवा मुलाचा गेम बंद कसा करायचा, हे विचारणाऱ्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. गेममध्ये आपण कसं शिरायचं, हा प्रश्न मात्र अलीकडे वाढलाय. बहुतेक नवी लग्नं, दोघं कमावती, आणि दोघांपैकी एकाला कॉलेजपासून गेमचा नाद. म्हणून ही एक केस त्या दोघांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती शाळेत शिक्षिका. तो पुण्याच्या कंपनीचं काम सांगलीतल्या घरूनच करतो. लग्नाला दीड वर्ष झालेलं, घरात सासू-सासरे. तो बारा वर्षं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळतोय. 2004 पासून चालू असलेला हा गेम आहे. हजारो माणसं एकाच काल्पनिक जगात वावरतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, ते लढाया करून लेव्हल वाढवत जातं. सवंगड्यांचा गट म्हणजे गिल्ड. गिल्डनं मिळून मोठ्या राक्षसावर जायचं ती रेड, आणि सगळ्यात अवघड रेडला बरोबर वीस माणसं लागतात. एक जण उठला तर बाकीचे एकोणीस अडकतात.

त्याची गिल्ड युरोपच्या सर्व्हरवर होती. तिकडे लोक जेवून-खाऊन रात्री आठला रेडला बसतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे तो अंथरुणावर येणार तीनला आणि ही शाळेसाठी उठणार सहाला. "आमचं जेवण एकत्र होतं मॅडम, झोप नाही," ती म्हणाली. हे तिनं सहज सांगितलं, पण मी वहीत पहिल्यांदा तेच लिहून घेतलं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली असे गेम खेळणाऱ्या 349 जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातही भांडणाच्या मुळाशी एकत्र झोपायला जाणं मोडलेलं आढळलं. आणि जिथं दोघंही खेळतात, अशांपैकी 76 टक्क्यांनी गेममुळे आपलं नातं सुधारलं असं सांगितलं. तेव्हा तिची इच्छा वेडेपणाची नव्हती. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं, कारण माहेरी तिला सगळ्यांनी 'तू आणि त्याच्यात कशाला पडतेस' म्हणून गप्प केलं होतं.

पुढच्या वेळी दोघांना लॅपटॉप घेऊन बोलावलं. कारण त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहिला होता आणि तो फसला होता. कसा फसला, हे मला ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं.

त्यानं तिला स्वतःचंच एक जादाचं पात्र दिलं होतं, शेवटच्या लेव्हलचं. पडद्याच्या तळाशी तीसेक बटणं. काम हिलरचं, म्हणजे लढणाऱ्या सोबत्याची हेल्थ, त्याचा जीव, भरून काढायचं. "काही अवघड नाही, माझ्या मागं मागं यायचं आणि माझी हेल्थ भरत राहायचं." ती माऊस धरून बसली. तो शेजारी वाकून बघत होता. राक्षस आला, तिची बोटं बटण शोधायला लागली, आणि त्याचा हात तिच्या हातावर येऊन माऊस फिरवून गेला. त्याला ते कळलंही नाही. दहा मिनिटांत असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिनं हात हळूच काढून मांडीवर ठेवला आणि तो एकटाच खेळत राहिला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला दिसत होतं. त्याला खरोखर तिला आत न्यायचं होतं. मी तिलाच विचारलं, काय वाटलं?

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "लग्न होऊन यांच्या घरी आले तेव्हा साखरेचा डबा कुठला तेसुद्धा विचारायला लागायचं. सगळे एकमेकांना ओळखणारे, मीच नवी. आता तिथं रुळले. हा गेम उघडला की परत तसंच होतं. सगळे यांना ओळखतात, जुन्या गोष्टी काढून हसतात, आणि मी त्याची बायको. हे पण सासरच की हो मॅडम."

त्यानं मान खाली घातली. त्याला हे कधी सुचलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनं म्हणेपर्यंत मलाही इतक्या नेमकेपणानं दिसलं नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न घेऊन कुणीही आलं की मी गेमचं नाव सांगायच्या आधी एवढंच विचारते: या गेममध्ये तुमच्यापैकी कोण घरचं आहे आणि कोण पाहुणं?

त्यानं एक मुद्दा मांडला, तो रास्त होता. त्याच्या गेममध्ये 2019 पासून सोय आहे, जुना खेळाडू आपली लेव्हल उतरवून नवख्याबरोबर खेळू शकतो. मग तिथंच का नको? मी म्हटलं, लेव्हल उतरवता येईल, बारा वर्षांची ओळख कशी उतरवणार? तुमचा गेम तुमचा राहू दे, तो सोडायला मी सांगत नाही. दोघांसाठी मात्र दोघांनाही नवं असलेलं गाव बघा. आणि निवडायचं तिनं.

मग आम्ही तिघं बसलो. तिची गरज काय, ते आधी काढलं. ती प्रत्येक संवाद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी, तो सगळं दाबून पुढं पळणारा. सासूबाईंची हाक आली तर मधेच उठता आलं पाहिजे. दोन महिने पैसा घालायचा नाही. आणि एक जण आठवड्यातून चार दिवस खेळला, दुसरा दोनच, तरी एकमेकांना सोडून पुढं जाता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण बरीच जोडपी इथंच फुटतात. रविवारी त्याची लेव्हल तीस, हिची अठरा. मग तो म्हणतो, तू ये मागून.

'फायनल फँटसी 14' ची गोष्ट तिला फार आवडली, आणि त्याची फुकट आवृत्तीही भरपूर मोठी आहे. पण दोघांचीही खाती फुकटची असल्यानं त्यांना आपली पार्टीच, म्हणजे एकत्र खेळायचा गटच, करता येईना. एकाकडे पूर्ण गेम हवा होता. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' मध्ये 2016 पासून सगळं जग खेळाडूच्या लेव्हलशी जुळवून घेतं, त्यामुळे कुणी मागं पडत नाही. त्यात मारा देवीसमोर दोघांनी विधी करून अंगठ्या घ्यायच्या आणि त्या घालून एकत्र खेळलं की अनुभवाचे गुण 10 टक्के जास्त. हे ऐकून ती पहिल्यांदा मोकळं हसली. पण तो विकत घ्यावा लागतो, म्हणून मागं ठेवला.

तिनं निवडला 'गिल्ड वॉर्स 2'. 2012 चा गेम, मूळ भाग 2015 पासून फुकट, महिन्याची फी नाही. जुना असल्यानं शाळेचं काम करायच्या साध्या लॅपटॉपवरही चालला. मोठ्या लेव्हलचा खेळाडू खालच्या भागात आला की गेम त्याला आपोआप तिथल्या पातळीवर आणतो. खाणीतलं लोखंड एकानं काढलं तरी दुसऱ्यासाठी ते शिल्लक असतं, राक्षस दोघांनी मारला तर बक्षीस दोघांना. ओढाओढ करायला जागाच नाही. सुरुवातीला दोन गोष्टी मात्र दोघांनी सारख्या घ्याव्या लागतात, अमेरिका की युरोप तो सर्व्हर आणि पात्राचा वंश. वंश वेगळा घेतला तर पहिलं गावच वेगळं येतं. हे माहीत नसल्यानं त्यांची पहिली संध्याकाळ एकमेकांना शोधण्यात गेली.

त्यानं परत तिला मागं उभं राहून जपणारं काहीतरी सुचवलं. तिनं वॉरियर घेतला, खांद्यापेक्षा उंच तलवारीसकट. मला मनापासून बरं वाटलं. दिवसभर घरात आणि शाळेत सगळ्यांची हेल्थ भरणाऱ्या बाईनं रात्री खेळातही तेच का करावं? त्याला मी त्यानं कधीच न खेळलेला प्रकार घ्यायला लावला. त्यानं एलिमेंटलिस्ट घेतला, जादू जबरदस्त पण अंगात जीव कमी. आणि एक नियम घातला. पहिले पंधरा दिवस ती नवीन काही शिकत असेल तेव्हा त्यानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसायचं.

वेळ ठरली रात्री साडेनऊ ते पावणेअकरा, आठवड्यातून चार दिवस. नंतर दोन्ही लॅपटॉप बंद आणि दोघंही झोपायला. रेडसाठी फक्त शुक्रवार, कारण शनिवारी त्याला सुट्टी.

तिसऱ्या आठवड्यात दोघं आली तेव्हा तिच्याकडे सांगायला बरंच होतं. या गेममध्ये जीव संपला की माणूस लगेच मरत नाही, जमिनीवर पडून राहतो, आणि जवळ जाऊन एफचं बटण दाबून धरलं की कुणीही त्याला उठवू शकतं. हिलरच असावं लागत नाही. तो पडला, आजूबाजूला तीन राक्षस, आणि ती पळून न जाता एफ दाबून बसली. "हे ओरडत होते, सोड, तू पण मरशील. मी म्हटलं, गप्प पडा जरा." तो उठला. बारा वर्षांत आपल्याला एवढ्या हट्टानं कुणी उठवलं नव्हतं, असं त्यानं मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज जड झाला होता.

हे सगळ्यांना लागू पडतं असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं, अशी तिची लक्षणं आहेत. नोकरी जायची वेळ आलीय, पैशांबद्दल खोटं बोललं जातंय, तर तिथं बायकोनं गेम शिकणं हा उपाय नाही. तिथं मानसोपचारतज्ज्ञ लागतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. याची नोकरी शाबूत होती, आणि आठवड्याच्या रेड कमी करायला सांगितल्यावर त्यानं त्या केल्या होत्या. म्हणून मी हा रस्ता धरला.

अधूनमधून बिनसतंही. दोनदा तो तिला न सांगता पुढं खेळून आला, एकदा तिनं तीन दिवस लॅपटॉप उघडला नाही. शाळेच्या परीक्षा आल्या तेव्हा महिनाभर सगळं बंद होतं. शुक्रवारी रात्री तो अजूनही जुन्या गिल्डमध्ये जातो. तिला आता त्याचं काही वाटत नाही, ती झोपून जाते.

शेवटच्या भेटीत निघताना चपला घालता घालता तिनं त्याला सहज विचारलं, "काल त्या डोंगरावर चढताना मधेच का थांबला होता? मला वाटलं नेट गेलं."

"तू वाचत होतीस ना," तो म्हणाला.