अर्काच्या आधी फांदी

अगं, कॅन्सरच्या पेशींवर अर्क तपासायला बालाघाटातून पिशवीभर पाला आणलास, पण फुलासकट एक फांदी दाबून ओळख पटवायला हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, दिलीस का? 'गुळवेल' म्हणून दोन-तीन वेली खपतात आपल्याकडं.

एमटीटी (जिवंत पेशी ज्याचं पिवळ्याचं जांभळं करतात तो रंग) लावताना प्लेटमधली एक ओळ पेशींविना ठेव, नुसता अर्क आणि एमटीटी. पाल्यातली पॉलिफेनॉल्स ही रसायनं स्वतःच पिवळ्याचं जांभळं करतात, मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. माझे तीन आठवडे यातच गेले, तेही लोडशेडिंगच्या उन्हाळ्यात! अर्क विरघळवायचा डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत, कंट्रोललाही (अर्क न दिलेल्या पेशींनाही) तेवढाच. सोबत निरोगी पेशी हव्यातच. दोन्ही सारख्याच मेल्या तर नुसतं विष समज.

आणि गावाकडं कुणी काढा विचारला तर प्लेटमधला आकडा सांगू नकोस. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषधसुद्धा शिरेतून देतात, मोजून.