वाचकांचे प्रश्न : ब्रेकचं पेडल मऊ लागतं

प्रश्न : गाडी 25 वर्षं जुनी. पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक दाबला की पाय गादीत रुतल्यासारखा वाटतो. लागोपाठ दोन-तीनदा मारला की पेडल वर येतं आणि दाबून धरलं तर तिथेच राहतं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणारा) नवा टाकला, दोनदा तेलातली हवा काढली, गळतीही नाही. आता काय बदलू?

उत्तर : तूर्त काहीच नको. मास्टर सिलिंडर आतल्या आत तेल गळू देत असता, तर दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली गेलं असतं. तसं होत नाही. (जुना तरी खराब होता का, कोण जाणे!) पंप केल्यावर वर येणाऱ्या पेडलमागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात : मागच्या लायनरचा (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीचा) गॅप किंवा तेलातली हवा.

आधी गॅप तपासा, पाना लागत नाही. हँडब्रेक पूर्ण ओढून ब्रेक दाबा. पेडल लगेच वर आणि घट्ट लागलं, तर लायनर ड्रमपासून लांब गेलेत. ते टेकेपर्यंतच एका दाबातलं तेल संपतं. जुन्या ड्रममधला, हा गॅप जुळवणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो. हँडब्रेकची केबल सैल करा, ॲडजस्टर सोडवून ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत फिरवा, मग लायनर हलकासा घासतोय इतपत मागे घ्या. केबल शेवटी ताणायची. उलट क्रमाने केलंत तर गॅप कधीच नीट बसणार नाही.

हँडब्रेकने फरक पडला नाही, तर इंजिन बंद ठेवून तेलाच्या डबीचं झाकण काढा. मदतनिसाने आठ-दहा वेळा पंप करून पेडल दाबून धरावं आणि पाय झटकन उचलावा. डबीत नुसती लहर उठली तर ठीक. तेल कारंज्यासारखं उसळलं, तर आत कोंडलेली हवा फुगून ते मागे ढकलतेय. डोळ्यांवर चष्मा हवाच. शिवाय ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

दोनदा काढूनही हवा का राहते? कॅलिपर (पुढच्या डिस्कला आवळणारे) डावे-उजवे बदलून बसले असतील तर हवा काढायचा निपल खाली येतो, आणि वर साठलेली हवा खालच्या भोकातून निघणार कशी? निपल वरच्या टोकाला आहे ना, पाहा. नवा मास्टर सिलिंडर बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली नसेल, तर बुडबुडा तिथेच अडकतो. तिसरी गोष्ट हमखास निसटते : काही गाड्यांत मागच्या ॲक्सलपाशी भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असली की त्याच्या हिशेबी गाडी रिकामी, म्हणून तो मागचं तेल अडवतो. स्टँड ॲक्सलखाली लावून हवा काढा.

एवढ्यावरही पेडल मऊच, तर रबरी होज पाइप. मदतनीस ब्रेक दाबत असताना पाइप मुठीत धरा; फुगताना हाताला कळतं. चिमट्याने आवळून बघू नका, जुनं रबर आतून तडकतं.

प्रश्न : हवा काढली आणि दुसऱ्याच दिवसापासून पेडल हळूहळू तळाला जातं. आधी असं नव्हतं.

उत्तर : हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबलं गेलं असणार. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरमधले रबर कप त्याच्या ठरावीक भागातच सरकतात. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ असतो. कप त्यावरून गेले की कडा फाटतात. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, खड्डे असतील तर नुसतं रबरांचं किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. तोवर गाडी बाहेर काढू नका. पुढच्या वेळी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

प्रश्न : लांब उतारावरच पेडल मऊ होतं, गार झाल्यावर ठीक.

उत्तर : तेलात पाणी मुरलंय, ते उकळून वाफ होते. डॉट 3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, 3.7 टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. सगळं तेल बदला, पुढेही दर दोन वर्षांनी. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं. सिलिकॉनचं डॉट 5 मात्र यात मिसळू नका.