एल्बो दोनदा बदलला, तरी त्याच जागी तुटतो

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसची मोटारहोम करून घेतली आहे. सिंक आणि मोरीचं पाणी बॉडीच्या फ्लोअरखाली टांगलेल्या 90 लिटरच्या स्टीलच्या टाकीत जमतं. तिथून दोन मीटरचा दीड इंची पांढरा पाइप मागच्या व्हॉल्व्हपर्यंत जातो आणि व्हॉल्व्ह चासीला बोल्टने आवळलेला आहे. भेरूघाट उतरून आल्यावर टाकीच्या तोंडाशी असलेला एल्बो तुटलेला दिसला. प्लंबरने नवा बसवला, तोही दोन महिन्यांत तिथेच गेला. आता जाड पाइप टाकावा, की वरून एपॉक्सी पुट्टी भरावी?

उत्तर: दोन्ही नको. पाइप कमकुवत आहे म्हणून तुटत नाही, त्याला हलायला जागाच ठेवलेली नाही म्हणून तुटतो.

टाकी बॉडीला आहे आणि व्हॉल्व्ह चासीला. घाटातल्या वळणावर किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यावर बॉडी आणि चासी थोड्या वेगवेगळ्या हलतात. त्यात भरलेली टाकी म्हणजे 90 किलो पाणी, आणि ते प्रत्येक ब्रेकला पुढे धाव घेतं. उन्हाचा भाग वेगळाच. तुमचा पांढरा पाइप पीव्हीसीचा, आणि पीव्हीसी मीटरमागे, अंशामागे साधारण 0.07 मिमी वाढतं. जानेवारीची 10 अंशांची पहाट आणि मे महिन्यातली गाडीखालची 45 अंशांची दुपार धरली, तर दोन मीटरच्या पाइपची लांबी सुमारे 5 मिमी बदलते. हा सगळा ताण एल्बोच्या सॉकेटच्या कडेवर येतो, कारण लवचीक पाइप तिथे एकदम ताठ होतो. तुमची चीर बहुतेक याच कडेला गोल फिरलेली असेल. पाइप जाड केलात, तर तोच ताण टाकीच्या वेल्डिंगवर जाईल. प्लास्टिकचा एल्बो परवडला, टाकीचं वेल्डिंग नाही.

पुट्टीचं म्हणाल, तर ती वाळल्यावर दगडासारखी होते आणि खाली तेलकट, हलता पाइप. एका टोकाने सुटते, एवढंच.

टाकीच्या तोंडाशी एल्बो ठेवूच नका. तिथे काटकोनात वळवलेला रेडिएटरचा रबरी होज वापरा. आतून गुळगुळीत आणि कापडाचा थर असलेलाच घ्या. खोबणीदार सक्शन होज स्वस्त मिळतो, पण त्याच्या घड्यांत भाताची शितं आणि चिकट मळ बसतो आणि महिन्याभरात वास सुटतो. टाकीला आतून आटे असलेलं सॉकेट असेल, तर एका टोकाला आटे आणि दुसरं टोक साधं असलेला 100 मिमीचा स्टेनलेस निपल बसवा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सहा-सात वेढे घ्या, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने. आट्यांवर थेट होज चढवू नका, पाणी खाचेतून वाट काढतं.

खरेदीला जाण्याआधी पाइप मोजा, कारण निम्म्या दुरुस्त्या इथेच बिघडतात. काउंटरवर ‘दीड इंची’ मागितलं की दोन वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. प्लंबिंगच्या शेड्यूल 40 यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) पाइपचा बाहेरचा व्यास 48.3 मिमी असतो, शेतीच्या पाइपचा 50 मिमी. व्हर्नियर नसला तरी चालतं: कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळा, जिथे टोकं एकमेकांवर येतात तिथे पेनाने खूण करा आणि लांबी मोजा. 152 मिमी आली तर पहिला, 157 आली तर दुसरा. शेतीच्या पाइपची फिटिंग प्लंबिंगच्या पाइपवर सैल बसते आणि मग लोक ती फट सोल्युशनने (पीव्हीसी जोडायच्या द्रवाने) भरतात. सोल्युशन हा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, फट भरून काढत नाही. दीड इंची स्टेनलेस निपलचा बाहेरचा व्यासही 48.3 मिमीच असतो, त्यामुळे 48 मिमी आतला व्यास असलेला होज निपल आणि यूपीव्हीसी दोन्हीवर घट्ट बसतो. सियागंज बाजारात जाताना पाइपचा कापलेला तुकडा खिशात ठेवा, तोंडी मापावर विसंबू नका.

आता काम. टाकी रिकामी करून दोनदा धुवा. नंतर 10 लिटर पाण्यात 50 मिलि घरगुती ब्लीच घालून अर्धा तास ठेवा आणि तेही काढून टाका. टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल त्यात मिसळू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. सायलेन्सर गार होऊ द्या आणि गॅस सिलिंडर बंद करा, कारण सोल्युशनची वाफ पेट घेते. चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा.

तुटलेल्या भागापलीकडे चीर कुठवर गेली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पाइप पुसून त्यावर निळी शाई चोळा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. चिरेत शिरलेली शाई केसासारखी रेघ दाखवते. ती जिथे संपते त्याच्या पुढे 50 मिमी सोडून कापा. सरळ कापण्यासाठी पाइपभोवती कागद गुंडाळून त्याच्या कडेने हॅकसॉ चालवा, पान इंचाला 24 दातांचं. आतली कूस चाकूने खरवडून काढा, नाहीतर केस तिथेच अडकतात.

होज दोन्हीकडे 40 मिमी चढला पाहिजे. प्रत्येक टोकाला स्टेनलेसच्या दोन जुबली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या पट्ट्या) लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. क्लिपच्या खाचांतून रबर वर फुगायला लागलं की थांबा, त्यापुढे आवळलं तर रबर चिरतं.

पुढच्या सरळ पाइपला जोड द्यावा लागला, तर आधी कोरडा बसवून पाहा. कोरडा पाइप सॉकेटमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोल जाऊन अडकला पाहिजे. सहज तळाला टेकला तर फिटिंग चुकीची आहे. पॉलिश पेपरने चमक घालवा, पाइपला सोल्युशनचा भरपूर थर द्या, सॉकेटला पातळ, पाव फेरा फिरवत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर टाकून द्या, पातळ करून वापरू नका. पाणी सोडायला 24 तास थांबा.

शेवटी आधार. दोन मीटरच्या पाइपला होजच्या पुढे 150 मिमीवर पहिला रबर लावलेला क्लॅम्प आणि नंतर दर 450 मिमीवर एकेक. व्हॉल्व्हजवळचा क्लॅम्प घट्ट, बाकीचे इतकेच आवळा की पाइप त्यांतून सरकू शकेल. सगळे क्लॅम्प चासीलाच हवेत. एक बॉडीला आणि एक चासीला लावलात, तर मूळ दुखणं परत आलंच. उतार मीटरला 20 मिमी ठेवा आणि होजला कुठेही पोट येऊ देऊ नका. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा सायलेन्सरपासून हातभर दूर राहा. जवळून नेण्याशिवाय इलाज नसेल, तर मध्ये पत्रा लावा.

तपासणीसाठी व्हॉल्व्ह बंद करून टाकीत 20 लिटर पाणी सोडा आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवा. अर्ध्या तासाने कागद कोरडा असेल, तर स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्याने दहा किलोमीटर फिरवा आणि क्लिपा पुन्हा आवळा. रबर पहिल्या फेरीत थोडं बसतंच.

प्रश्न (महू): आमच्या ट्रेलरची फिटिंग अमेरिकन आहे. संडासाच्या टाकीचा तीन इंची काळा पाइप चिरला. इथला 90 मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप जोडता येईल का?

उत्तर: रबरी कपलरने (दोन्ही पाइपांवर चढणाऱ्या बाहीने) येईल, सोल्युशनने नाही. अमेरिकन तीन इंची पाइपचा बाहेरचा व्यास 88.9 मिमी, म्हणजे तो 90 मिमीच्या सॉकेटमध्ये 1.1 मिमीने सैल पडतो. शिवाय काळा पाइप बहुधा एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचा असतो आणि पीव्हीसीचं सोल्युशन त्याला भरवशाने धरत नाही. रुंद स्टील पट्ट्याचा रबरी कपलर दोन्ही अडचणी एका दमात सोडवतो. एसडब्ल्यूआर घेताना टाइप बी मागा. टाइप ए हा हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांसाठी असतो.

टाकी प्लास्टिकची असेल, तर बहुधा पॉलिथीनची असते. तिला कोणतंही सोल्युशन किंवा पुट्टी चिकटत नाही. तोंडाशीच चीर गेली असेल, तर गरम हवेचं वेल्डिंग करा, नाहीतर रबर वॉशरवाला टँक निपल बसवा.

आणि काम होईपर्यंत टाकी पावसाच्या नाल्यात उघडू नका. इंदूरला 2021 मध्ये देशातल्या पहिल्या ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध करूनच सोडणाऱ्या) शहराचा मान मिळाला, तो नाल्यांत सांडपाणी सोडणारी तोंडं बंद करूनच. परवानगी घेऊन ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडा, किंवा सेप्टिक टँक उपसणारी गाडी बोलवा.

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर): पाइप धडधाकट आहे, गळती नाही, तरी प्रवासाहून आलं की सिंकमधून वास येतो.

उत्तर: सिंकखालच्या यू-ट्रॅपमधलं (यू आकाराच्या वाकड्या पाइपमधलं), वास अडवणारं पाणी रस्त्यात हिंदकळून निघून गेलं आहे. पोहोचल्यावर अर्धा लिटर पाणी ओता. वास गेला तर निदान बरोबर. निघताना सिंकला बूच लावून ठेवा. तरीही वास येत राहिला, तर टाकीतली हवा बाहेर सोडणारा व्हेंट पाइप छतापाशी तपासा, त्यात गांधीलमाश्या घर करतात.