मजूर मिळेना आणि पदवीधराला काम मिळेना : यावल तालुक्यातल्या एका वडिलांना उत्तर

रामराम भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात तुमची चार एकर केळीची बाग. थोरला मुलगा बी.एस्सी., बी.एड. होऊन विनाअनुदानित शाळेत महिना नऊ हजारांवर शिकवतो. धाकटी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला पीसीएममध्ये ७६ पर्सेंटाइल. पुण्याकडच्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट मिळवून देतो, असं एक एजंट म्हणतोय आणि त्यासाठी एक एकर गहाण टाकायची घरात बोलणी चाललीत. शेवटी तुम्ही विचारलंय, "घड कापायला माणूस मिळत नाही, मजूर मध्य प्रदेशातून आणावे लागतात. इकडे शिकलेल्या पोराला धड काम नाही. मग पोरांना शिकवावं तरी कशाला?"

आधी या शेवटच्या प्रश्नाचंच बोलू, कारण मुलीचा निर्णय त्यावरच अडलाय.

मजूर मिळत नाही म्हणजे आपण देतो त्या मजुरीत आणि आपण देतो तेवढे दिवस काम धरून मिळत नाही. नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत जातात. माणसं आहेत, सलग काम आणि बरा रोज जिथे मिळतो तिथे ती गेलीत. तुमच्या मुलाचंही तसंच. शाळा आहेत, पोरं आहेत, पण पूर्ण पगार देऊन शिक्षक नेमणारा कोणी नाही. गरज असणं आणि त्या गरजेसाठी पैसे मोजणारा कोणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीच्या बाजारात मागणी म्हणतात ती दुसरीला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. हे आकडे वाचून कोणीही म्हणेल, शिक्षणच नको. पण निंदणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईला बेकार राहणं परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या रोजावर ती करते, म्हणून बेकारांच्या मोजणीत येत नाही. तिची मिळकत बरी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पदवीधर मात्र मनासारख्या नोकरीची वाट बघत थांबतो, कारण घरचे त्याला सांभाळतात. तुमचा मुलगा थांबू शकला तो तुमच्या बागेच्या जोरावर. आणि 'पर्मनंट' नोकरी नसली तर मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही, हेही आपल्याकडचं एक मोठं कारण आहे. त्यापायी शेकडो मुलं एकाच दारासमोर रांग लावून उभी आहेत.

शिकलेल्यांची गर्दी कशी होते हे केळीवाल्याला निराळं सांगायला नको. एका साली क्विंटलला चांगला भाव मिळाला की पुढच्या मृगबागेत, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीत, जो तो केळी लावतो. घड कापणीला यायला वर्ष लागतं, सगळ्यांचा माल एकदम निघतो आणि भाव कोसळतो. पदवीचं पीक तर चार वर्षांनी हाती येतं. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या बाबतीत हेच चक्र दाखवून दिलं होतं. पगार वाढले की प्रवेशाला झुंबड उडते. ती मुलं बाहेर पडेपर्यंत पुरवठा जास्त होतो, पगार पडतात, मुलं पाठ फिरवतात आणि पुढे पुन्हा टंचाई होते.

आपल्याकडे डी.एड.चं असंच झालं. २००० नंतर शिक्षणसेवक म्हणून भराभर नेमणुका होत होत्या, तेव्हा गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली. आपल्या भागात शेत विकून डोनेशन भरलेली घरं मला माहीत आहेत. मग मे २०१२ मध्ये सरकारने नवी भरती जवळपास थांबवली; जास्तीचे ठरलेले शिक्षक दुसऱ्या शाळांत सामावून होईपर्यंत ती बंद राहणार होती. पहिली टेट, म्हणजे शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, २०१७ च्या अखेरीस झाली आणि दुसरीला २०२३ उजाडलं. मधल्या काळात कॉलेजं मात्र दरवर्षी मुलं बाहेर काढतच होती. शिक्षक किती घ्यायचे हे पटसंख्या आणि सरकारी तिजोरी ठरवते. बी.एड. झालेल्यांची संख्या वाढली म्हणून एकही पद वाढत नाही.

आता कॉम्प्युटरचं बघा. २०२३-२४ मध्ये मोठ्या आयटी कंपन्यांनी फ्रेशरची भरती बरीच कमी केली. त्याच सुमारास, २०२४-२५ पासून, एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. या वाढीव जागांवरची मुलं तुमच्या मुलीच्या मागेपुढेच बाजारात येतील. कॉम्प्युटर वाईट नाही. ज्या मुलीला कोडिंगची खरी ओढ आहे तिला मी आजही तिकडेच पाठवीन. पण 'सगळे घेताहेत' एवढ्याच कारणासाठी गहाणखत करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

शिवाय तुमच्या मुलीला कदाचित शिक्षण शुल्क भरावंच लागणार नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मान्यताप्राप्त खासगी कॉलेजातही ही माफी मिळते. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत गेली. एजंटाने तुम्हाला हे सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही ओबीसी असल्याचं आणि उत्पन्नाचा दाखला तीन लाखांचा असल्याचं लिहिलंय. नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी झाली आहे का ते आजच बघा. कित्येक मुलींचे प्रवेश या दोन कागदांपायी अडकतात.

तुमच्या पत्रात मुलीबद्दल एकच ओळ आहे : ड्रिपमधून कोणतं खत कधी सोडायचं त्याचं वेळापत्रक तीच वहीत ठेवते आणि पानं पिवळी पडली की फोटो काढून केळी संशोधन केंद्रात विचारायला लावते. मी त्या ओळीवर बराच थांबलो. रावेरकडच्या एखाद्या पॅकहाउसमध्ये, जिथे निर्यातीची केळी भरतात तिथे, तिला एकदा घेऊन जा. घडापासून फण्या सोडवणं, धुणं, वजन करून १३ किलोचं खोकं भरणं, ही कामं हाताची आहेत. पण कंटेनरचं तापमान १३-१४ अंशांवर राहिलं का, देठाला बुरशी कशाने धरली, परदेशी गिऱ्हाइकाने माल नाकारला तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली, हे सांगणारं माणूस तिथे लागतंच. ते गावात नसलं की बाहेरून आणावं लागतं.

जळगावला विद्यापीठाच्याच केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेत फूड टेक्नॉलॉजीचं बी.टेक. आहे, प्लास्टिक टेक्नॉलॉजीही आहे. पाइप, ठिबक आणि चटईच्या कारखान्यांच्या या जिल्ह्यात प्लास्टिकचं शिक्षण वाया जात नाही. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. सुरुवातीचा पगार पुण्यातल्या चांगल्या आयटी नोकरीएवढा नसेल आणि पहिली एक-दोन वर्षं नाशिक-वापीकडे काढावी लागतील, हेही मनात धरून चला. ऑप्शन फॉर्म भरताना आधी फूड, मग प्लास्टिक आणि त्याखाली सरकारी किंवा जवळच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर, असा क्रम मी सुचवतो. पण तो क्रम तिने स्वतः लावायला हवा. तिला काय करायचंय, हे तुमच्या पत्रात कुठे आलेलं नाही.

थोरल्यासाठी दोन गोष्टी. टेटची जाहिरात आली की त्याने परीक्षा जरूर द्यावी, पण सगळा भार तिच्यावर ठेवू नये. बी.एस्सी.ला त्याचा विषय केमिस्ट्री आहे. पाइप कारखान्यांच्या आणि डाळ-तेल उद्योगांच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीला अशी मुलं घेतात; जळगाव एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून सुरुवात करता येते. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता नसलेल्या जागेवर त्याची आणखी वर्षं घालवू नका. सध्याच्या शाळेकडून अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, तारखांसह मागून घ्या. सत्र संपायच्या आत मागितलेला बरा, नंतर हेलपाटे पडतात.