ग्रिल, रेलिंग आणि तुळशीवृंदावन : वायर ब्रश कुठे चालवायचा, कुठे नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : कोथरूडच्या फ्लॅटमधलं ग्रिल गंजलंय, त्याच गॅलरीत एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं, रेलिंग आहे आणि पेठेतला वाडा पाडला तेव्हा तिथून आणलेलं दगडी तुळशीवृंदावन शेवाळानं काळं पडलंय. पेंटर म्हणतो, एकाच वायर ब्रशनं तिन्ही घासून देतो. शिवाय प्रायमरच्या माहितीपत्रकात ‘वायर ब्रश टू एसटी ३’ असं छापलंय, ते कळत नाही.

माझी नोकरी भोसरीच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये झाली, रंगाआधीची तपासणी हेच काम होतं. म्हणून आधी स्पष्ट सांगतो : एका ब्रशनं तिन्ही करू देऊ नका. ब्रश घेताना सगळे काय काढायचंय ते बघतात. खरं बघायला हवं ते खाली काय राखायचंय. गंज आणि जुना रंग निघतोच हो, पण ती तार खालच्या वस्तूवर काय करून जाते, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

ग्रिल साधं लोखंडी, म्हणजे एमएसचं असणार. त्याला लाकडी मुठीचा, साध्या पोलादी तारेचा ब्रश योग्य. पण ब्रश हातात घेण्याआधी दोन कामं. तेलकटपणा थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर ब्रश तो सगळीकडे फासत जातो. आणि सुटलेले जाड पापुद्रे स्क्रेपरनं काढा. मग ब्रश. जोर लावू नका. तारेचं टोक कापतं. दाबलं की तारा आडव्या होतात आणि अंगानं घासायला लागतात. अशानं गंज निघत नाही, त्याला चकाकी येते. ती चकाकी लोखंडासारखी दिसते, पेंटर समाधानानं प्रायमर मारतो आणि पुढच्या पावसाळ्यात रंग पोपड्यानं सुटतो. रंग कंपनीला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण हेच असतं. वेल्डिंगचे सांधे आणि आडव्या पट्टीची खालची बाजू तुम्ही स्वतः बोट फिरवून बघा. पाणी तिथेच थांबतं आणि ब्रश नेमका तिथेच पोचत नाही.

‘एसटी ३’ ही आयएसओ ८५०१-१ या मानकातली सफाईची प्रत, म्हणजे दर्जा, आहे. हातानं किंवा यंत्रानं केलेल्या सफाईला त्यात एसटी २ आणि एसटी ३ अशा दोन पायऱ्या आहेत. दोन्हींत सुटा गंज, सुटी मिल स्केल (कारखान्यात तापवून लाटताना लोखंडावर बसलेली काळी खपली), सुटा रंग जायलाच हवा. ३ मध्ये त्याहून कसून काम करून धातूची झाक दिसायला हवी. घट्ट बसलेली मिल स्केल ब्रशनं जात नाही आणि या प्रतीत तशी अपेक्षाही नाही. त्यासाठी ब्लास्टिंग, म्हणजे दाबानं खरखरीत कणांचा मारा, लागतं, त्याच्या प्रती ‘एसए’ अक्षरांनी लिहितात. तेव्हा ‘ब्रशनं पांढरंशुभ्र लोखंड करून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याचे जादा पैसे देऊ नका.

पेंटर ग्रायंडरवर कप ब्रश (वाटीच्या आकाराचा, फिरणारा तारेचा ब्रश) लावणार असेल तर ब्रशवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा वाचा. चार इंची ग्रायंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. ब्रशची मर्यादा त्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नये. तुटलेली तार सुईसारखी उडते. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूनं बंद असलेला गॉगल हवा, गार्ड काढायचा नाही, आणि खाली पार्किंगमध्ये मुलं खेळत असतील तर काम थांबवायचं.

तुमची इमारत जुनी असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. जुना रेड लेड प्रायमर म्हणजे तर शेंदूरच, शिशाचा ऑक्साइड. असा रंग कोरडा घासला की ती धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम होतो. पृष्ठभाग ओला करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क वापरा, गॅलरीचं दार बंद ठेवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

एसएसच्या रेलिंगला ग्रिलचा पोलादी ब्रश लावूच नका. साध्या पोलादाचे कण त्यावर रुततात आणि पहिल्या पावसात तपकिरी ठिपके उठतात. मग लोक म्हणतात, माल डुप्लिकेट निघाला. वेल्डचा काळपटपणा काढायला स्टेनलेस तारेचा ब्रश असतो, तोही कधी लोखंडाला न लागलेला. तुमच्या पॉलिश केलेल्या पाइपला साबणाचं पाणी आणि मऊ फडकंच बरं.

तुळशीवृंदावनासाठी काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश, भरपूर पाणी आणि बांबूची काडी. आपला बेसाल्ट, म्हणजे काळा दगड, कठीण असतो, पण वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेली त्याची वरची साल कठीण नसते. पोलादी तारेनं नक्षीच्या कडा झिजतात आणि मागे राहिलेले लोखंडाचे कण दगडावर तांबडे ओघळ आणतात. हे गडांवर श्रमदानाला जाणाऱ्या मंडळींनाही कळकळीनं सांगतो : वीरगळ आणि शिलालेखांना वायर ब्रश लावू नका. झिजलेलं अक्षर परत येत नाही. स्मारक केंद्र सरकारनं संरक्षित केलेलं असेल तर नुकसान करणं १९५८ च्या कायद्याखाली गुन्हाही आहे.

स्वयंपाकघरात भांडी आणि भाजायच्या जाळीलाही वायर ब्रश नको, कारण तुटलेली तार जाळीवरून अन्नात जाते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००२ ते २०१४ दरम्यान बार्बेक्यूची जाळी घासायच्या ब्रशच्या तारांमुळे तातडीच्या विभागात गेलेल्यांचा अंदाज सुमारे १,७०० होता. बिडाच्या तव्याला काथ्या पुरतो.

ग्रिलचं काम आता भर पावसात काढू नका, दसऱ्यानंतर काढा. घासलेलं लोखंड दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी लागायला हवा. रोज एका गॅलरीपुरतंच घासा.

ब्रश पुण्याच्या बोहरी आळीत मिळतील. गॅसच्या बर्नरसाठी पितळी ब्रशही घेणार असाल तर खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेचा मुलामा दिलेली पोलादी तार पितळ म्हणून सर्रास विकली जाते. चुंबक चिकटला की परत द्या. स्टेनलेसला मात्र ही परीक्षा चालत नाही, कारण ओढून काढलेली ३०४ ची (स्टेनलेसचा एक ग्रेड) तारही चुंबकाला थोडी धरते. तिथे वेष्टनावरचा ग्रेड वाचूनच घ्या.